कॅज्युअल्टीच्या दारातली सिस्टर

दर सोमवारी सकाळी आमच्या ऑफिसात बग ट्रायाज असतो. आठवडाभरात जमा झालेले बग एकेक उघडायचे, पी-वन, पी-टू अशी लेबलं चिकटवायची आणि पुढे सरकायचं. पेमेंट अडकतंय तो बग आधी, बटणाचा रंग चुकलाय तो पुढच्या रिलीजला. आयटीतल्या कुणालाही हे नवीन नाही. शब्द दवाखान्यातून आपल्याकडे आलाय हेही बऱ्याच जणांना ठाऊक असतं. पण दवाखान्यात हे काम करतं कोण असं विचारलं, तर दहापैकी नऊ जण "डॉक्टर, अजून कोण" म्हणतील. जगातल्या बऱ्याच इमर्जन्सी विभागांत ते काम नर्स करते, आणि ते तिच्या हाती कसं आलं याचा इतिहास भलताच रंजक आहे. या वीकेंडला तोच. लांबलाय थोडा, चहा घेऊन बसा :-)

शब्द फ्रेंच आहे. मूळ क्रियापदाचा अर्थ निवडणं, आपण तांदूळ निवडतो तसं. नेपोलियनच्या फौजेत लारे नावाचा सर्जन होता. जखमींना उचलून आणणाऱ्या वेगवान घोडागाड्या त्याने १७९० च्या दशकात सुरू केल्या. त्याचा नियम साधा होता: जखम किती गंभीर ते बघा, हुद्दा बघू नका. कर्नलचं बोट तुटलंय आणि साध्या शिपायाची मांडी फुटलीये, तर शिपाई आधी टेबलावर. फौजेत हे म्हणायला हिंमत लागते.

नर्सचा प्रवेश होतो तो क्रिमियाच्या युद्धात, १८५४ मध्ये. या युद्धातली फ्लोरेन्स नाइटिंगेल आपल्याला शाळेपासून माहीत आहे. पण तटाच्या पलीकडे, रशियन बाजूला सेवास्तोपोलमध्ये पिरोगोव्ह नावाचा सर्जन होता, त्याचं नाव आपल्याकडे फारसं कुणी घेत नाही. वेढ्यात एकेका दिवशी शेकडो जखमी यायचे. जो आधी दारात पडेल त्याच्यावर आधी शस्त्रक्रिया केली, तर वाचण्याजोगे मागच्या रांगेत मरतात हे त्याच्या लक्षात आलं. त्याने दारातच वर्गवारी सुरू केली: आत्ता कापायचे, उद्या चालतील असे, फक्त पट्टी बांधून सोडायचे, आणि ज्यांना वाचवता येणार नाही असे. मदतीला सेंट पीटर्सबर्गहून आलेल्या सेविका होत्या. त्यांचीही त्याने पट्टीवाल्या, औषधवाल्या, भांडारवाल्या अशी विभागणी केली. आता याला प्रोसेस इंजिनिअरिंग नाही तर काय म्हणायचं?

यानंतर जवळजवळ शंभर वर्षं हा प्रकार युद्धातच राहिला. साध्या दवाखान्यात त्याची गरजच नव्हती, कारण लोक आजारी पडले की ओळखीच्या डॉक्टरला घरी बोलवायचे. दुसऱ्या महायुद्धानंतर अमेरिकेत घरी येणारे डॉक्टर कमी होत गेले आणि लोक थेट इमर्जन्सी रूममध्ये जायला लागले. सर्दीवाला, पोट बिघडलेला, हार्ट अटॅकवाला, सगळे एकाच बाकावर. १९६० च्या दशकात येल विद्यापीठाच्या न्यू हेवनमधल्या दवाखान्यात या गर्दीचा नीट अभ्यास झाला आणि दारातच निवड करायची पद्धत बसवली गेली. हळूहळू ते काम नर्सकडे सरकलं. त्यामागे काही थोर विचार होता असं मला वाटत नाही. डॉक्टर महाग आणि थोडे, दारात कुणीतरी सतत उभं राहायला हवं, आणि तिथे आधीपासून नर्सच उभी होती, इतकंच.

मात्र खरं वळण आलं ते ऑस्ट्रेलियात. मेलबर्नच्या बॉक्स हिल हॉस्पिटलमध्ये १९७० च्या दशकात पेशंटची ठरलेल्या वर्गांत विभागणी सुरू झाली होती. पुढे क्वीन्सलँडमधल्या इप्सविच गावात जेरार्ड फिट्झजेराल्ड या डॉक्टरने ती तपासली आणि १९८९ मध्ये त्यावर प्रबंध लिहिला. त्याने नर्सला विचारायचा प्रश्नच बदलून टाकला. "याला काय झालंय?" हा प्रश्न काढून टाकला. त्याऐवजी: सगळं सुरळीत असेल तर हा माणूस जास्तीत जास्त किती वेळ थांबू शकतो? उत्तरं पाचच. १९९३ मध्ये ती देशभर लागू झाली: लगेच, १० मिनिटं, ३० मिनिटं, एक तास, दोन तास.

हा बदल मला फार आवडतो. रोगाचं निदान करणं हा डॉक्टरचा प्रांत, त्यात नर्सने पाय टाकला की भांडण ठरलेलं. पण "किती थांबू शकतो" या प्रश्नाला डिग्री लागत नाही, नजर आणि अनुभव लागतो, आणि तो तिच्याकडे रग्गड असतो. इंटरफेस बदलला आणि भांडण मिटलं.

पुढे नोव्हेंबर १९९४ मध्ये मँचेस्टरमधल्या दवाखान्यांतले डॉक्टर आणि नर्सेस एकत्र बसले आणि त्यांनी याचे चक्क फ्लोचार्ट काढले. छातीत दुखतंय, डोक्याला लागलंय, मूल रडतंय, अशा बावन्न तक्रारींचे बावन्न चार्ट. प्रत्येक चार्टमध्ये सगळ्यात भीषण प्रश्न सगळ्यात वर. श्वासनलिका मोकळी आहे ना? श्वास पुरेसा घेतोय ना? रक्त थांबत नाहीये का? पहिल्या धोक्याच्या खुणेपाशी थांबायचं आणि त्या ओळीचा रंग द्यायचा: लाल, केशरी, पिवळा, हिरवा, निळा. इफ-एल्सची शिडीच की हो ही! ती वाचताना मला वाटलं, हे लिहिणाऱ्यांना आमच्या टीममध्ये घ्यायला हवं होतं.

आता इथे गणित आडवं येतं. नुसती निवड केल्याने एकूण थांबणं कमी होत नाही. रांगेत एकाला पुढे घेतलं की दुसरा मागे गेला, बेरीज तीच. उलट ट्रायाजचं टेबल म्हणजे अजून एक रांग. १९६१ मध्ये जॉन लिटल याने एक नियम सिद्ध केला, कॉम्प्युटर सायन्सवाल्यांनी तो परीक्षेपुरता पाठ केलेला असतो: आत किती गर्दी आहे ते दोनच गोष्टींवर ठरतं, माणसं किती वेगाने येतात आणि प्रत्येक जण आत किती वेळ राहतो. समजा तासाला १२ पेशंट येतात आणि प्रत्येक जण ३ तास राहतो, तर कोणत्याही क्षणी आत सरासरी ३६ जण. येणाऱ्यांना तर तुम्ही थांबवू शकत नाही. तो ३ तासांचा मुक्काम २ तासांवर आणला तर आत २४. बारा माणसं गायब! भिंत न पाडता, खाट न वाढवता.

हा मुक्काम कमी करायचा कसा? पाय मुरगळलेल्या माणसाचा प्रवास बघा. दीड तास डॉक्टरसाठी थांबा. डॉक्टर दोन मिनिटांत म्हणणार, एक्स-रे काढा. मग एक्स-रेची रांग. फिल्म घेऊन परत डॉक्टरची रांग. हा मधला एक्स-रे नर्सने दारातच लिहून दिला तर? पण मग मनाला येईल तसे एक्स-रे निघतील ही डॉक्टरांची भीती, आणि ती अगदीच खोटी नाही. याचं उत्तर कॅनडातून आलं. ओटावाच्या इयन स्टील या डॉक्टरने १९९२ मध्ये घोट्यासाठी नियम काढले: ठरावीक हाडांच्या मागच्या कडेला दाबल्यावर दुखतंय का, आणि माणूस चार पावलं टाकू शकतो का. दोन्ही ठीक असेल तर एक्स-रे नकोच. इतका स्पष्ट नियम असला की तो नर्सला शिकवता येतो. छातीत दुखणाऱ्याचा ईसीजी दहा मिनिटांत निघालाच पाहिजे, हा असाच नियम. वेदनाशामक औषध कुणाला, किती, हाही तसाच. नर्सने चालवायचे प्रोटोकॉल म्हणतात ते हेच. डॉक्टरने अगोदरच सही करून ठेवलेला हुकूम, अटी जुळल्या की सिस्टरने अमलात आणायचा.

बरं, म्हणजे कागद दिला की झालं का? नाही. इंग्लंडमधलं स्टॅफर्डचं प्रकरण वाचा. सरकारने २००० मध्ये ठरवलं की इमर्जन्सीत कुणीही चार तासांपेक्षा जास्त थांबता कामा नये, आणि २००४ अखेर ९८ टक्के पेशंटच्या बाबतीत ते जमलं पाहिजे. बऱ्याच ठिकाणी त्याने खरंच सुधारणा झाली. स्टॅफर्डच्या दवाखान्यात मात्र नर्सेस कमी होत्या, आणि २००९ च्या चौकशी अहवालात उघड झालं की आलेल्या पेशंटची पहिली पारख तिथे रिसेप्शनिस्ट करत होते, ज्यांना वैद्यकातलं काहीही शिकवलेलं नव्हतं. घड्याळ सांभाळायचं म्हणून तपासण्या अर्ध्यावर टाकून पेशंट दुसऱ्या वॉर्डात ढकलले जात होते. आमच्याकडे रिस्पॉन्स टाइमचं टार्गेट गाठायला तिकीट बंद करून पुन्हा उघडतात तसंच, फक्त इथे तिकिटाच्या जागी माणूस होता.

आणि याच्या अगदी उलट उदाहरण कुठलं, तर आफ्रिकेतल्या मलावीचं. ब्लँटायरच्या सरकारी दवाखान्यात लहान मुलांच्या विभागात डॉक्टर मोजके आणि रांग अख्ख्या आवारात. तिथे दारातच मुलांना निवडून ताबडतोब उपचार सुरू करण्याची पद्धत बसवली. दाखल मुलांमधलं मृत्यूचं प्रमाण आधी १० ते १८ टक्के होतं, नंतर ते ६ ते ८ टक्क्यांवर आलं. जागतिक आरोग्य संघटनेच्या २००५ च्या पुस्तिकेत तर असंही सांगितलंय की गेटवरचा वॉचमन आणि कागद करणारा क्लार्क यांनाही धोक्याच्या खुणा शिकवा, कारण मूल पहिल्यांदा त्यांच्याच नजरेस पडतं. स्टॅफर्डलाही दारात बिगर-वैद्यकीय माणूस होता, फरक शिकवण्याचा होता. भारताने हीच पद्धत २००९ मध्ये आपल्या बालरोगाच्या सरकारी प्रशिक्षणात घेतली.

आता आपल्या गावाकडे येऊ. मी राहतो बेसामध्ये. नागपूरबाहेर कुणाला माहीत नसेल, म्हणून सांगतो: शहराच्या दक्षिणेला, मनीषनगरच्या पुढे, कालपरवापर्यंत शेतं होती तिथे आता फ्लॅट स्कीमच फ्लॅट स्कीम. रात्री-अपरात्री काही झालं आणि खिशाला खाजगी परवडणार नसेल, तर मिहानमधलं एम्स, नाहीतर शहरात मेडिकल किंवा मेयो. (नागपूरकर १९४७ साली सुरू झालेल्या सरकारी मेडिकल कॉलेजला नुसतं 'मेडिकल' म्हणतात. बाहेरचा माणूस औषधाच्या दुकानात जाऊन उभा राहतो.)

आमच्या बिल्डिंगमध्ये एक काकू आहेत. तीसेक वर्षं एका सरकारी दवाखान्यात सिस्टर होत्या, त्यातली निम्मी कॅज्युअल्टीत. कुठला दवाखाना ते लिहीत नाही. वरचं सगळं वाचून झाल्यावर मी त्यांना गाठलं आणि विचारलं, आधी कुणाला घ्यायचं हे तुमच्याकडे कोण ठरवायचं?

"ठरवायचे डॉक्टरच. पण डॉक्टर एक अन् समोर चाळीस लोकं. मग कोण ठरवून राहिलं होतं, तूच सांग बरं."

"म्हणजे तुम्ही. पण कागदावर?"

"कागदावर काही नाही. मी फक्त म्हणायची, सर, याला जरा आधी पाहून घ्या ना."

मग त्यांनी एक किस्सा सांगितला. एक माणूस चालत आला. म्हणाला, ॲसिडिटी झाली. डिसेंबरचा महिना आणि याचा शर्ट घामाने ओला. काकूंनी केस पेपर बाजूला ठेवला आणि आधी ईसीजी काढला. डॉक्टर चिडले, कुणाला विचारून काढला म्हणून. मग पट्टी पाहिली आणि गप्प झाले.

"आणि पट्टी नॉर्मल निघाली असती तर?"

"तर मेमो."

मेमो म्हणजे लेखी खुलासा मागणारं पत्र, सरकारी नोकरांना वेगळं सांगायला नको. या एका शब्दात सगळं आलं. निवड तर त्या रोज करत होत्या, मेलबर्नची नर्स करते तीच. फरक एवढाच की तिच्या मागे संस्थेने मान्य केलेला कागद असतो. चार्टप्रमाणे वागूनही चुकलं, तर आधी चार्ट तपासला जातो. काकूंच्या मागे काहीच नव्हतं, म्हणून हुकूम द्यायच्या जागी त्यांना "जरा", "ना" लावून विनंती करावी लागायची. आणि ही विनंती करायला जिचा स्वभाव भिडस्त, अशा सिस्टरच्या ड्यूटीत तो ॲसिडिटीवाला बाकावरच बसून राहिला असता.

आपल्याकडे कॅज्युअल्टीत कागद होते, पण वेगळ्याच कामाचे. अपघाताची केस म्हणजे पोलिसांची भानगड, म्हणून आधी सोपस्कार. एका स्कूटरवाल्याला गाडीने उडवलं. ज्या दवाखान्यात नेलं तिथे, अशा केसेस आम्ही घेत नाही, वीस किलोमीटरवरच्या दुसऱ्या दवाखान्यात न्या, असं सांगण्यात आलं. तो वाटेतच गेला. यावर परमानंद कटारा यांनी केलेल्या याचिकेत १९८९ मध्ये सुप्रीम कोर्टाने ठणकावलं की आधी जीव, मग कायद्याचे सोपस्कार. तरीही १९९२ मध्ये बंगालमधला एक शेतमजूर ट्रेनमधून पडला, डोक्याला मार, आणि कोलकात्यातल्या एकामागून एक सरकारी दवाखान्यांनी त्याला जागा नाही म्हणून परत पाठवलं. शेवटी तो खाजगीत गेला. १९९६ च्या निकालात कोर्टाने त्याला भरपाई द्यायला लावली आणि तातडीचे उपचार हा जगण्याच्या हक्काचाच भाग आहे असं सांगितलं. निकाल मोठेच आहेत. पण दारात चाळीस जण असताना पहिला कोण, याचं उत्तर कोर्ट देऊ शकत नाही.

ज्या देशात इमर्जन्सी मेडिसिन या विषयाला एमडीची मान्यताच मुळी २००९ मध्ये मिळाली, तिथे नर्सच्या प्रोटोकॉलचा विचार उशिराच होणार. महाराष्ट्राची १०८ सेवा २०१४ मध्ये ९३७ गाड्यांनी सुरू झाली, आणि तिचं वैशिष्ट्य म्हणून अभिमानाने सांगितलं गेलं की आमच्या प्रत्येक गाडीत डॉक्टर असतो. चांगलंच आहे. पण जगात बऱ्याच ठिकाणी हे काम प्रशिक्षित पॅरामेडिक कागदावरच्या प्रोटोकॉलने करतात. आपला विश्वास डिग्रीवर, प्रोटोकॉलवर नाही.

बरं, आपल्याकडच्या सिस्टर हे करू शकत नाहीत असं म्हणायला जागा नाही. २६ नोव्हेंबर २००८ ची रात्र आठवा. मुंबईच्या कामा हॉस्पिटलमध्ये अतिरेकी शिरले, दोन वॉचमन मारले गेले. प्रसूतीपूर्व वॉर्डात अंजली कुलथे ड्यूटीवर होत्या आणि वीस गरोदर बायका. त्यांनी दारं लावली, सगळ्यांना पँट्रीत हलवलं. त्यातल्या एकीला कळा सुरू झाल्या, तर गोळीबार चालू असताना भिंतीच्या कडेकडेने तिला लेबर रूमपर्यंत नेलं. कोण थांबू शकतं आणि कोण नाही, हे त्या रात्री त्यांना सांगायला कुणीही आलं नव्हतं.

आणि कागदाची ताकद बघायची तर विदर्भाबाहेर जायची गरज नाही. गडचिरोलीत अभय आणि राणी बंग यांच्या 'सर्च' संस्थेने ३९ गावांत थोडंफार शिकलेल्या बायकांना आरोग्यदूत केलं. त्या नर्सही नव्हत्या. नवजात बाळाच्या धोक्याच्या खुणा ठरवून दिल्या, आणि त्या दिसल्या की काय करायचं तेही. अगदी जेंटामायसिनचं इंजेक्शन देण्यापर्यंत. बाळांचे मृत्यू बाकीच्या गावांच्या तुलनेत ६२ टक्क्यांनी कमी झाले. डिसेंबर १९९९ च्या 'लॅन्सेट'मध्ये हे छापून आलं. अर्थात, अशा बाईच्या हाती सुई देणं धोक्याचं, असं म्हणणारे होतेच. ऐकल्यासारखं वाटतंय ना?

सप्टेंबर २०२० मध्ये 'माझे कुटुंब, माझी जबाबदारी'च्या वेळी ऑक्सिमीटर घेऊन आशाताई घरोघरी फिरल्या, ठरलेल्या आकड्याखाली गेला की दवाखाना. तोही ट्रायाजच, फक्त दार आपल्या घराचं होतं. त्याच वर्षी दिल्लीच्या एम्सने लाल, पिवळा, हिरवा असा आपला तीन रंगांचा ट्रायाज प्रोटोकॉल प्रसिद्ध केला. अतिदक्षतेसाठी 'नर्स प्रॅक्टिशनर' हा दोन वर्षांचा अभ्यासक्रम त्याआधीच, २०१६ मध्ये, इंडियन नर्सिंग कौन्सिलने आखला होता. २०२३ मध्ये १९४७ च्या जुन्या नर्सिंग कायद्याच्या जागी नवा कायदाही झाला. तुकडे सगळे आहेत.

एक शंका डॉक्टर मित्रांची, आणि ती रास्त आहे. वर वॉर्डात खाट रिकामी नसेल तर दारात कितीही छान रंग लावा, पेशंट कॅज्युअल्टीतच अडकणार. लिटलच्या नियमातला तो मुक्काम मग सिस्टरच्या हातात राहत नाही. खरंय. पण ज्याला खाट मिळायला सहा तास लागणार, त्याचा ईसीजी पहिल्या दहा मिनिटांत काढायला खाट लागत नाही, एक खुर्ची पुरते.

काकूंना मी मँचेस्टरचा छातीदुखीचा चार्ट दाखवला. चष्मा लावून त्यांनी तो वरपासून खालपर्यंत वाचला. म्हणाल्या, "हे तर आम्हाला माहीतच आहे." मग जरा वेळाने, "पण खाली सही कोणाची आहे?"

गडचिरोलीचा निबंध छापून आला १९९९ मध्ये. एएनएम सिस्टरने विशिष्ट परिस्थितीत, स्वतःच्या जबाबदारीवर, तान्ह्या बाळाला तेच जेंटामायसिनचं इंजेक्शन द्यावं, यासाठीच्या केंद्र सरकारच्या सूचना निघाल्या २०१४ मध्ये. मधे पंधरा वर्षं गेली.